म्हाळूचं दुसरं बारसं

तलवाड्याच्या म्हाळूइतके देव बदललेला माणूस साऱ्या गेवराई तालुक्यात शोधून सापडला नसता. मोगलाई होती. वर निजामसरकार, खाली पाटील आणि मधे जागोजाग देव, तेव्हा म्हाळूला निवडीला भरपूर वाव होता. आधी त्यानं डोंगरावरची देवी धरली. मेंढ्यांचा खुरीचा रोग हटेना म्हणून तिला सोडून पिराला धरलं. खुरी हटली, पण लोक म्हणाले ती आपोआपच हटली, आणि लोकांचं म्हाळूला लगेच पटायचं. मग त्यानं एका गोसाव्याचा गंडा बांधला. गोसावी अख्खा पावसाळा म्हाळूच्या घरी जेवला आणि जाताना म्हाळूचं कोरं घोंगडं घेऊन गेला. त्यामुळं म्हाळू गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, बुडी मारून ख्रिस्ती झाला ही बातमी आली तेव्हा गावात कुणी कपाळ बडवून घेतलं नाही की भावकीनं पंचायत बसवली नाही. पारावर एवढंच विचारलं गेलं, "आता ह्यो देव किती दिवस?"

पण ह्या खेपेची गंमत वेगळी होती. ती सांगायची तर आधी एडका सांगावा लागतो.

म्हाळू मेंढरं राखायचा. उंच, वाळका, डोक्याला लाल पटका, आणि तोंडाला कधी कुलूप नाही. आडलेली मेंढी सोडवावी तर त्यानंच. कोपरापर्यंत हात घालून कोकरू असं अलगद बाहेर काढायचा, की मेंढीनं वळून बघावं. पण जीव म्हणाल तर त्याचा टकरीच्या एडक्यात. जत्रेत एडक्यांच्या टकरा लागायच्या आणि दरसाल म्हाळूच्या एडक्याला त्याच्या चुलतभावाचा, बंकटचा एडका सगळ्यांसमोर लोळवायचा. बंकटच्या एडक्याचं नाव सुलतान. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका, शिंगांना दोन दोन वेढे. बंकट त्याला आपल्या ताटातली भाकरी चारायचा. बंकटची बायको छबुबाई पाणवठ्यावर सांगायची, "मला इचारत न्हाईत जेवलीस का म्हून. त्याला इचारत्यात."

तर एका वर्षी जत्रेच्या तोंडावर म्हाळूच्या मनात आलं, हा सुलतान दोन दिवस कुठं दिसला नाही तर काय बिघडतंय? चोरायचा नव्हता, हां! नुसता टकरा होईस्तोवर ओढ्याच्या घळीत बांधून ठेवायचा होता. बाजारचा दिवस धरून, गाव रिकामं असताना, त्यानं भर दुपारी सुलतानला नेऊन बाभळीला बांधलं. आता सुलतान पडला टकरीचा गडी आणि समोर बाभळ उभी. त्यानं बाभळीशीच टकरा घ्यायला सुरुवात केली. बाभळ काही माघार घेईना. म्हाळू पाण्याचं मडकं घेऊन येतोय तर सुलतान पुढचा पाय मोडून, जीभ बाहेर काढून बसलेला.

पाय मोडलेला एडका परत नेऊन काय सांगणार, कप्पाळ? म्हाळूनं डोकं चालवलं, आणि म्हाळूचं डोकं चाललं की कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं असायचं. पिराला बोललेला एक जुना नवस त्याला एकाएकी आठवला. लगोलग दुसऱ्या दिवशी कंदुरी ठरली, पिराच्या नावानं एडका कापून जेवण. मुल्ला परगावचा आणला. त्याला सगळे एडके सारखे. शिंगं आणि कातडं म्हाळूनं आपल्या मेंढरांच्या वाडग्याच्या कोपऱ्यात लेंड्यांच्या ढिगाखाली खोल पुरलं आणि साऱ्या भावकीला जेवायला बोलावलं. बंकटलासुद्धा! बंकट बिचारा एडका हरवला म्हणून आदल्या दिवसापासून उपाशी हिंडत होता. पहिल्या घासाला नको नको म्हणाला, मग तीनदा वाढून घेतलं आणि बोटं चाटत म्हणाला, "म्हाळू, आसं मटन जल्मात खाल्लं न्हाई बग."

इथवर हसायला हरकत नाही. म्हाळूही पटक्याच्या शेवात तोंड घालून हसला होता. पण हात धुताना बंकटनं विचारलं, "माझा सुलतान कुनी नेला आसंल बे?" आणि म्हाळूची ती बेलगाम जीभ बोलून गेली, "उमापूरच्या वाटंला एक जन एडका हाकत चालल्याला दिसला मला. तुज्या मेव्हन्यावानी वाटला."

झालं! बंकटचा मेव्हणा गहिनीनाथ, म्हणजे छबुबाईचा सख्खा भाऊ, सुलतान हरवायच्या आदल्याच दिवशी उमापूरहून येऊन सुलतानला मागून गेला होता, आपल्या मेंढ्यांत सोडायला. बंकटनं दिला नाही म्हणून तणतणत परत गेला होता. बंकटनं दोनात दोन मिळवले. तसाच उमापूरला गेला, मेव्हण्याच्या दारात उभा राहून नाही नाही ते बोलला आणि शपथ घेऊन आला की आजपासून माझी बायको ह्या घरची पायरी चढायची नाही.

त्या दिवसापासून छबुबाईचं माहेर तुटलं. तिकडं तिची म्हातारी आई, बायनाबाई, एकुलत्या लेकीची वाट बघत बसलेली आणि मधे सुलतान उभा. पंचमीला गावातल्या बायका माहेरी निघायच्या तेव्हा छबुबाई जात्यावर बसायची, दळायला काही नसलं तरी. असे दोन-तीन उन्हाळे गेले.

म्हाळूच्या बायकोला, रतनबाईला, सगळं ठाऊक होतं. एडक्याचं मुंडकं जाळावर धरताना तिनं कान बघितला होता. कानाला प्रत्येक मेंढक्याची आपापली खाच असते. ही बंकटची होती. "आवो, कावून केलंत आसं?" तिनं विचारलं होतं. "म्या काय केलं? बाभळीनं केलं," म्हाळू म्हणाला होता. ती गप्प बसली. मसाला तिनंच वाटला होता. पण पाणवठ्यावर छबुबाई आईचा विषय काढायची तेव्हा रतनबाईला आपली घागर कधी एकदा भरते असं व्हायचं.

आणि अशात आले सुंदरराव मास्तर. गंगेपल्याडच्या मिशनचे, काळा कोट, मोडकी छत्री, आवाज मात्र खणखणीत. बाजारच्या दिवशी लिंबाखाली उभे राहून झांजेवर दोन भजनं म्हणायचे आणि मग बोलायला लागायचे. म्हाळू तिथं बसला तो सावलीसाठी. पण मास्तर म्हणत होते, माणसाला पुन्हा जन्म घेता येतो, मेल्यावर नव्हे, जिवंतपणी. जुना माणूस मरतो, नवा उभा राहतो, आणि जुन्याची पापं देव पुन्हा काढत नाही. म्हाळू सरसावून बसला.

"मास्तर, सगळी?"

"सगळी."

"समजा, आता म्या नुसतं समजा म्हनतोय, कुनी कुनाचा एडका खाल्ला आसंल तर?"

"एडकाच काय, हत्ती खाल्ला असला तरी!"

म्हाळूला एवढा दिलदार देव आजवर भेटला नव्हता. देवी बोकड मागायची, पीर कंदुरी मागायचा, गोसाव्यानं तर घोंगडंच नेलं होतं. इथं फुकटात नवा जन्म! पण मास्तर लगेच म्हणाले, "मात्र आधी पश्चात्ताप पाहिजे. नुसता तोंडानं नाही, मन वळायला पाहिजे. रडू आलं तर येईल, नाही तर नाही, पण वळायला पाहिजे." म्हाळूनं त्यातलं रडू तेवढं ध्यानात ठेवलं.

मास्तर काही खुळे नव्हते. त्यांनी पावसाळाभर म्हाळूला हेलपाटे घालायला लावले. पण म्हाळू मेंढरं पुढं घालून रानोमाळ हिंडलेला माणूस, तो हेलपाट्याला कशाला भितोय? हिवाळ्यात पाद्रीसाहेब आले. गंगेच्या काठी म्हाळूला उभा केला आणि पापं बोल म्हणाले. म्हाळूनं दणक्यात सुरुवात केली. पाटलाच्या जवारीत मेंढरं घातली, दुधात पाणी घातलं, पोलिसांच्या अमीनसाहेबाच्या घोड्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. सगळं बोलला, एडका सोडून. देवाला ठाऊकच आहे, त्याला परत कशाला सांगा, असा त्यानं हिशेब घातला. डोळ्यांत पाणी मात्र येईना. तेव्हा त्याला गोसाव्यानं नेलेलं कोरं घोंगडं आठवलं आणि ज्या धारा लागल्या म्हणता! पाद्रीसाहेबांचेही डोळे भरून आले. मास्तर तेवढे म्हाळूकडं जरा वेळ टक लावून बघत राहिले.

म्हाळू घरी आला तो छाती काढून. रतनबाई भाकरी थापत होती.

"आजपसून जुना म्हाळू मेला," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "म्या नवा जलमलोय. जुन्याचं काय बी मला इचारायचं न्हाई. एडका बिडका मला ठाऊक न्हाई."

रतनबाईनं हातातलं पीठ परातीत झाडलं. नवऱ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. मग पदर डोक्यावरून पुढं ओढला, अंगणात जाऊन मांडी घातली आणि गळा काढला. "आगं माझ्या बाई गं! माझा धनी मेला गं! कसा गुनाचा व्हता गं माझा धनी!"

बायका धावत आल्या. मेलेल्याचे गुण एकेक करून आळवायचे ही रडायची रीतच असते, आणि रतनबाईचा गळा गावात पहिल्या नंबरचा. "पाटलाची जवार चारून आला गं माझा वाघ! जत्रंच्या टायमाला वढ्याच्या घळीला गेलता गं माझा धनी! संगट काय घेऊन गेलता गं..."

"आगं ये, गप!" म्हाळूनं पटका टाकून अंगणात उडी मारली. "गप बस! मेला न्हाई त्यो!"

"मेला न्हाई?" रतनबाईनं पदर वर केला. डोळे कोरडे ठणठणीत. "मंग जित्ता हाय का? जित्ता आसंल तर त्याला चार गोष्टी इचारायच्या हायत मला, ह्या समद्या बायकांम्होरं."

म्हाळू गडबडला. "तसं न्हाई. मेला, पन... नवा जलमला."

"बरं तर मंग," रतनबाई उठून उभी राहिली. "जलमल्यालं लेकरू भाकर खात न्हाई."

आणि इथून म्हाळूच्या हाल-अपेष्टांना सुरुवात झाली. माणूस स्वतःच्या तोंडानं बोललेला. आता नाही कशाला म्हणणार? रतनबाईनं त्याची तंबाखूची चंची काढून घेतली. सकाळी बाळकडू उगाळून पाजलं, कडूजहर! दुपारी पातळ पेज. बाराव्या दिवसापर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, बाळंताची खोली आहे म्हणाली. मेंढरं बंकटनं आपल्या मेंढरांत घालून नेली, "लेकराला कशाला तरास" म्हणत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती म्हाळूला अरे-तुरे करायला लागली. जन्मभर "आवो" म्हणणारी बायको! "हिकडं ये. तोंड उघड. रडू नगंस."

"मला आरं-तुरं करतीस?"

"मंग लेकराला कोन आवो-जावो करतंय?"

गावाला तर सणच सापडला. बायका येऊन बाळ कुणाच्या तोंडावळ्यावर गेलंय ते बघून जायच्या. कुणी दृष्ट काढली. कुणी विचारलं दात आले का. बंकट खदाखदा हसत आला, शेजारी बसला, म्हाळूच्या हनुवटीला बोट लावून म्हणाला, "काय रं गुलामा, चुलत्याला वळखितोस का?" तो कसा मोकळं हसला! त्याच्या मनात काही नव्हतं. म्हाळूलाही हसू आलं, पण बंकटचे ते स्वच्छ पांढरे दात दिसले आणि ते कंदुरीच्या दिवशी कसे चालले होते ते नेमकं आठवलं. त्यानं तोंड फिरवलं.

पाचव्या दिवशी पाचवी. सटवाई येऊन लेकराच्या कपाळी नशीब लिहून जाते तो दिवस. रतनबाईनं पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला. म्हाळू ख्रिस्ती झाला होता, ती नव्हती, तेव्हा तिला कोण अडवणार? बायका जमल्या. छबुबाईनं म्हाळूच्या डोक्याच्या मापाचं एक टोपडं शिवून आणलं होतं, लाल खणाचं, खाली बांधायला नाड्या. तिनं ते हसत हसत दिराच्या डोक्यावर चढवलं, नाड्या बांधल्या, आणि बांधता बांधताच तिचा हात थांबला.

"भावजी," ती म्हणाली, "उमापूरहून सांगावा आलाय. माय आंथरुनाला खिळलीया. माजं नाव घेतीया म्हनं."

एका बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ह्यांस्नी म्हनलं एक डाव जाऊ द्या. न्हाई म्हनले. चोराच्या घरी न्हाई." मग तिनं नाड्यांची गाठ पुरी केली, कुणाकडं न बघता. "तुमचं बरं झालं भावजी. नवं जलमलात, जुनं समदं फिटलं. आमच्या गहिन्यालाबी मास्तरांच्या सोबतीनं नवं जलमता आलं आसतं तर? त्यानं नेलाबी आसंल एडका, म्या न्हाई कशाला म्हनू? पन त्याचं फिटलं आसतं तर माय तरी दिसली आसती मला."

ती गेली. बायकाही एकेक करून उठल्या. म्हाळू टोपडं घालून तसाच बसून राहिला.

आपलं पाप दुसऱ्याच्या अंगाला चिकटलंय आणि आपण गंगेत धुतलं ते नुसतं अंग, हे त्याला त्या क्षणी असं कळलं की पोटातून कळ आली. खरीखुरी कळ. त्यानं गुडघे पोटाशी घेतले. पुन्हा कळ आली. भुकेनं म्हणावं तर भूक पाच दिवसांची होती, ही आजची होती. छबुबाईनं, जिच्या भावाला त्यानं चोर केलं, तिनं टोपडं शिवून आणलं होतं! म्हाळूच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ह्या वेळी त्याला घोंगडं आठवावं लागलं नाही. नाक, डोळे, तोंड, सगळ्यांतून एकदमच आलं. त्याला लाज वाटली आणि लाज वाटल्याचं बरंही वाटलं.

रतनबाई दारात उभी राहून बघत होती. "आता आल्या व्हय कळा?" ती हळूच म्हणाली. "पाच दिस झाले वाट बगायलेय मी."

तेवढ्यात सुंदरराव मास्तर आले. आपला नवा विश्वासी कसा आहे बघावं म्हणून गंगा उतरून आलेले, तर विश्वासी लाल टोपडं घालून पाटावर हुंदके देतोय! मास्तरांनी छत्री मिटली आणि ओट्यावर बसले. म्हाळूनं त्यांना सगळं सांगितलं. एडका, बाभळ, कंदुरी, उमापूरची वाट. सांगून झाल्यावर नाक पुसत विचारलं, "मास्तर, माजं काई तरी उलटं झालं. म्या इतक्या मेंढ्या सोडवल्या, आदी कळा येत्यात, मंग कोकरू येतं. माजा जलम आदी झाला अन् कळा आता यायल्यात. मंग त्यो जलम खोटा म्हनायचा का?"

मास्तरांनी छत्री भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "म्हाळबा, ह्यावर आमच्यातली मोठमोठी माणसं भांडून बसलीत. कुणी म्हणतात माणूस आधी पस्तावतो, मग देव त्याला नवा जन्म देतो. कुणी म्हणतात देवानं आत जीव घातल्याशिवाय माणसाला पस्तावताच येत नाही. मेलेल्याला कुठल्या कळा?"

"अन् तुमी काय म्हनता?"

"मी म्हणतो, वळ. आधी काय झालं ते देव बघून घेईल." मग ते हसले. "गंगेवर तू रडलास तेव्हाच मला शंका आली होती. पण म्हटलं, पाणी पडलंय, कधीतरी उगवेल."

"मंग आता काय करू?"

"ते मला कशाला विचारतोस? तुला ठाऊक आहे, म्हणून तर पोटात दुखतंय."

म्हाळू उठला. कुदळ घेतली आणि वाडग्याच्या कोपऱ्यात जाऊन खणायला लागला. कातडं कधीच मातीला मिळालं होतं. शिंगं मात्र तशीच निघाली, दोन दोन वेढ्यांची. ती त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली आणि दोन हातांत धरून बंकटच्या घराकडं निघाला. टोपडं काढायचं त्याला सुचलंच नाही. मागून पावलं वाजली. रतनबाई होती.

"तू कावून येतीस?"

"मसाला म्या वाटलाय," ती म्हणाली. "चला. आवो, चला."

ती पुन्हा "आवो" म्हणाली हे म्हाळूच्या ध्यानात आलं, पण बरं वाटायला वेळ नव्हता.

बंकट ओट्यावर चकतीनं लोकरीचं सूत काढत बसला होता. समोर टोपडं घातलेला चुलतभाऊ बघून त्यानं हसायला तोंड उघडलं, आणि शिंगं दिसली. ती त्यानं ओळखली. कशी ओळखणार नाही?

म्हाळूनं सांगितलं. बाभळीवर काही ढकललं नाही. "म्या नेला. म्या कापला. म्या तुला खाऊ घातला. अन् गहिनीनाथाचं नाव म्याच घेतलं. त्यो दिसला न्हवता मला. कुनीबी दिसलं न्हवतं."

बंकटनं शिंगाच्या वेढ्यावरून बोट फिरवलं. मग भलत्याच बारीक आवाजात म्हणाला, "म्या दोनदा वाढून घेतलं व्हतं."

"तीनदा," म्हाळू म्हणाला. खरं बोलायला बसलेला माणूस, अर्धं कसं बोलणार?

बंकटनं हातातली चकती फेकून मारली ती म्हाळूच्या कपाळाला लागली. मग उठून त्यानं म्हाळूला अंगणभर बडवला. म्हाळूनं हात वर केला नाही, फक्त शिंगं छातीशी धरून ठेवली, ती मोडू नयेत म्हणून. छबुबाई दारातून बघत होती. शेवटी बंकट दमून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला, एडक्यासाठी की मेव्हण्यासाठी की आपल्या जिभेसाठी, ते त्याचं त्याला ठाऊक.

"छबे," तो म्हणाला, "गाडी जुपतो. उमापूरला चल. आन् ह्यो बी येईल संगट, आसाच, टोपडं घालून. गहिन्याच्या दारात म्या बोललो, तिथंच ह्यानं बोलायचं." मग म्हाळूकडं न बघता, "त्याच्यानंतर माज्या वाडग्यात पाय ठेवायचा न्हाई तू. माज्या मेंढराला हात लावायचा न्हाई."

उमापूरला म्हाळू गहिनीनाथाच्या दारात, सगळी आळी जमवून, टोपडं घालून उभा राहिला आणि बोलला. गहिनीनाथानंही आपल्या वाट्याचं बडवून घेतलं. कुणी अडवलं नाही. पण आत छबुबाई आईच्या अंथरुणाशी पोचली होती. म्हातारीनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "आलीस? मला वाटलं भाकरीच करीत बसलीस." म्हातारी पुढं आणखी एक दिवाळी बघून गेली, आणि छबुबाई त्या वर्षात इतक्यांदा माहेरी गेली की बंकटला स्वतः दळावं लागलं.

बाराव्या दिवशी रतनबाईनं बारसं केलंच. म्हणाली, मांडलंय ते पुरं करायचं. नाव ठेवायला आत्या लागते, म्हाळूला आत्या उरली नव्हती. सगळ्यांना वाटलं बंकट येणार नाही. तो आला. बायकांतून वाट काढत म्हाळूपाशी गेला, वाकला आणि कानात कुर्र करायच्या ऐवजी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "कुर्रर्र! सुलतान!" बायकांनी रीत म्हणून त्याच्या पाठीत बुक्के घातले, पण तो हसला नाही. वळून निघून गेला.

नाव चिकटलं. मास्तर आले, त्यांना म्हाळूनं स्वतःच सांगितलं, "सुलतान म्हना." मास्तर म्हणाले दुसरं एखादं बरं नाव घे. "नगं," म्हाळू म्हणाला. "हाक आली की मला आठवलं पायजे." आणि हाका काय थोड्या आल्या? बाजारात, पाणवठ्यावर, जत्रेत. पोरंटोरं मुद्दाम हाक मारून पळायची. म्हाळू दर खेपेला "व्हय" म्हणायचा. टकरा त्यानं सोडल्या. आपला एडका गहिनीनाथाच्या मेंढ्यांत सोडून आला. देव मात्र त्यानं पुन्हा बदलला नाही. पारावरचे लोक वर्षभर वाट बघून कंटाळले. एक-दोन खोट्या गोष्टी तो तरीही अधूनमधून बोलायचा, तो काही एकदम संत झाला नाही. पण बोलला की दुसऱ्या दिवशी जाऊन खोडून यायचा. रतनबाई म्हणायची, "ह्यांचं रोजच बाळंतपन आसतंय."

बंकट त्याच्याशी बोलत होता, पण कामापुरतं, आणि सुलतान म्हणूनच. वाडग्यात घेत नव्हता. आपली मेंढी आडली तर दुसऱ्या गावचा माणूस बोलवायचा. अशा बंकटच्या दोन-तीन मेंढ्या गेल्याही. म्हाळूला ते ऐकू यायचं. तो आपल्या ओट्यावर हात चोळत बसायचा.

आणि मग अशाच एका सकाळी, म्हाळू तोंड धूत असताना, बंकट पळत आला. डोक्याला पटका नाही, धोतराचा सोगा सुटलेला. त्याची थोरली मेंढी, सुलतानच्या रक्ताची उरलेली एकुलती, आडली होती.

"म्हाळू!" तो ओरडला. "आरं म्हाळू, चल लौकर!"

रतनबाईच्या हातातली घागर तशीच राहिली. किती वर्षांत त्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. म्हाळूनं तोंडावरचं पाणी निपटलं. त्यावर तो जे बोलला, तेच एके काळी त्यानं उंबऱ्यात छाती काढून म्हटलं होतं. आता ते त्याच्या तोंडून इतकं सहज आलं की त्याला स्वतःलाही कळलं नाही.

"म्हाळू मेला की रं," तो म्हणाला. "काय आडलंय ते सांग."

बोलता बोलता त्यानं बाही कोपराच्या वर सारली होती. दोघं पळत गेले. बंकटच्या वाडग्याच्या तोंडाशी काट्याची फांदी आडवी लावलेली होती. ती बंकटनं आपल्या हातानं बाजूला ओढली आणि त्याला आत घेतलं.